शस्त्रक्रियेपूर्वीचा गुडघा : रुग्णाची आठवण कितपत विश्वसनीय?

गुडघ्यावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली किंवा कसे, हे ठरविण्याची रीत वरकरणी अगदी सोपी वाटते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला किती वेदना होत होत्या, तो किती चालू शकत होता, जिना चढता-उतरता येत होता काय, हे पाहावयाचे. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी तेच पुन्हा पाहावयाचे. आणि दोहोंची वजाबाकी करावयाची. जी बाकी उरेल तो शस्त्रक्रियेचा लाभ. या वजाबाकीतील नंतरची संख्या मिळविणे कठीण नसते, कारण रुग्ण समोर बसलेला असतो. अडचण आधीच्या संख्येची आहे. पुष्कळदा ती कोणी लिहून ठेवलेलीच नसते. मग रुग्णालाच विचारले जाते, "आधी कसे होते?" आणि तो आठवून जे सांगेल तीच त्याची शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती, असे धरून चालण्यात येते.

हे आठवून सांगणे कितपत खरे मानावे, याचा शोध अस्थिरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ यांनी गेल्या काही दशकांत घेतला आहे. त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात मिळत नाही. प्रश्न किती दिवसांनी विचारला, यावर ते अवलंबून आहे. आणि मिळालेल्या उत्तराचा उपयोग कशासाठी करावयाचा, यावरही.

हा केवळ संशोधकांच्या कुतूहलाचा विषय आहे, असे समजण्याचे कारण नाही. झिजलेल्या गुडघ्याच्या जागी धातू व प्लॅस्टिक यांचा कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आता चार मोठ्या शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने अशा सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या, तेव्हा सर्वसाधारण वापरातील कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. रुग्णालयाचा आणि शल्यविशारदाचा खर्च त्याहून वेगळा, आणि हा हिशेब एकाच गुडघ्याचा. एवढी रक्कम उभी करावी की करू नये, हा निर्णय एखादे शेतकरी कुटुंब घेते तेव्हा वैद्यकीय नियतकालिके त्याच्यासमोर नसतात. शेजारच्या ज्या माणसाची शस्त्रक्रिया झालेली असते, त्याचे सांगणे हाच त्या कुटुंबाचा मुख्य आधार असतो. "मला तर पाऊल टाकवत नव्हते, आता बघा" असे एक जण सांगतो. "होते तेच बरे होते" असे दुसरा सांगतो. दोघेही प्रामाणिक असतात. तरीसुद्धा दोघांच्या सांगण्यातील 'आधी' हा शब्द किती वजनाचा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मोजमाप कशाचे करतात?

वेदना दिसत नाही, तिला मापही लावता येत नाही. म्हणून ठरावीक प्रश्न विचारून उत्तरांना गुण द्यावयाची पद्धत जगभर रूढ झाली आहे. कॅनडात तयार झालेली व १९८८ साली प्रसिद्ध झालेली 'वोमॅक' ही प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तिच्यात २४ प्रश्न असून त्यांपैकी ५ वेदनेविषयी, २ सांधा आखडण्याविषयी आणि १७ दैनंदिन हालचालींविषयी आहेत. इंग्लंडमध्ये १९९८ साली पुढे आलेली ऑक्सफर्डची गुडघ्याची प्रश्नावली याहून लहान आहे. तिच्यात १२ प्रश्न असून आज रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात, म्हणजे पूर्ण निरोगी गुडघ्याला ४८ गुण मिळतात.

हे प्रश्न ज्या समाजासाठी लिहिले गेले त्याची छाप त्यांच्यावर आहे, हे ओघाने सांगितले पाहिजे. वोमॅकमध्ये पायमोजे घालणे, मोटारीत बसणे-उतरणे, स्नानाच्या टबातून बाहेर येणे यांची विचारणा होते. मांडी घालून जेवावयास बसता येते काय, उकिडवे बसता येते काय, जमिनीवरून हात न टेकता उठता येते काय, हे विचारलेले नाही. पायमोजे कधीच न घालणाऱ्या बाईला त्याविषयी विचारून फारसे काही हाती लागत नाही. परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

आठवणीची चूक हिशेबात काय उत्पात करते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून ध्यानी येईल. समजा, एखाद्या रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी ऑक्सफर्डच्या प्रश्नावलीत १८ गुण होते आणि वर्षानंतर ३६ झाले. लाभ १८ गुणांचा. आता समजा, आधीचे कागद नाहीत आणि त्याच्या आठवणीवरून आधीचे गुण १२ निघाले. लाभ २४ झाला. आठवणीवरून ते २४ निघाले असते, तर लाभ १२ झाला असता. गुडघा तोच, शल्यविशारद तोच, आजचे चालणेही तेच. परंतु एका हिशेबात लाभ दुसऱ्याच्या दुप्पट.

दोन आठवडे आणि तीन महिने

या बाबतीत दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला लिंगार्ड, राइट आणि स्लेज यांनी २००१ साली अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सेच्या एका प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी कृत्रिम सांधा बसविलेल्या रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वीची उत्तरे जपून ठेवली होती. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी त्याच रुग्णांना, आपली आधीची स्थिती आठवून सांगा, असे विचारले. दोन्ही उत्तरांचा मेळ समाधानकारक बसला नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती आठवणीवरून ठरविण्यात धोका आहे, असा इशारा त्यांनी लेखाच्या शीर्षकातच दिला.

दुसरा अभ्यास डायन ब्रायंट आणि त्यांचे सहकारी यांचा असून तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना दोनच आठवड्यांनी विचारले. या वेळी आठवण आणि जुनी नोंद यांचा मेळ चांगला बसला. इतका की, शस्त्रक्रियेपूर्वीची माहिती दोन आठवड्यांनंतर विचारून घेतली तरी चालू शकेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २००९ साली मार्श, ब्रायंट आणि मॅक्डोनाल्ड यांनी खुब्याचा सांधा बदललेल्या वयस्क रुग्णांविषयी असेच लिहिले. सहा आठवड्यांनीही त्यांना आपली आधीची प्रकृती अचूकपणे आठवत होती. म्हातारपणी काही लक्षात राहत नाही, ही सर्वसाधारण समजूत या बाबतीत तरी खरी ठरली नाही.

हे अभ्यास परस्परविरोधी आहेत, असे घाईने म्हणू नये. प्रश्नावल्या वेगळ्या होत्या, शस्त्रक्रियाही सर्वस्वी सारख्या नव्हत्या. तथापि मध्ये गेलेला काळ हा त्यांच्यातील सर्वांत ठळक फरक होय, आणि त्या काळात रुग्णाच्या बाबतीत काय घडते हेही पाहिले पाहिजे. दोन आठवड्यांनी टाके नुकतेच काढलेले असतात किंवा काढावयाचे असतात, गुडघा सुजलेला असतो, रुग्ण आधाराने चालत असतो. शस्त्रक्रियेचे फळ अजून त्याच्या हाती आलेले नसते. तीन महिन्यांनी ते बऱ्याच अंशी आलेले असते, आणि तेव्हापासून त्याची 'आधी'ची आठवण त्या फळाच्या रंगात रंगू लागते.

आठवण कशी घडते?

सरकारी दप्तरातील जुना कागद काढून पाहावा, तशी माणसाची आठवण बाहेर काढता येत नाही. प्रत्येक वेळी ती थोडीफार नव्याने रचली जाते. ही रचना कोणत्या रीतीने होते, याविषयी कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल रॉस यांनी १९८९ साली मांडलेला विचार आपल्या विषयाला चांगला लागू पडतो. त्यांचे म्हणणे असे की, पूर्वीची स्थिती आठवताना मनुष्य प्रथम आजची स्थिती पाहतो. ती त्याला लगेच कळते. मग मधल्या काळात काय बदल झाला असावा, याविषयी त्याच्या मनात जी समजूत असते, तिच्या आधाराने तो मागे जातो. बदल झाला नसेल असे वाटल्यास, आज जसे आहे तसेच पूर्वी होते असे त्याला आठवते. मोठा बदल झाला असलाच पाहिजे असे वाटल्यास, पूर्वीची स्थिती आजच्यापेक्षा फार वेगळी होती असे आठवते.

शिक्षकवर्गाला याचे एक उदाहरण उद्बोधक वाटेल. कॉनवे आणि रॉस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करावा याचा वर्ग देण्यात आला. इतरांना प्रतीक्षायादीवर ठेवण्यात आले. वर्गापूर्वी सर्वांनी आपापल्या अभ्यासकौशल्याला गुण दिले होते. वर्ग संपल्यावर, तेव्हा तुम्ही किती गुण दिले होते ते आठवा, असे सांगितले असता वर्ग केलेल्या विद्यार्थ्यांना आपले जुने गुण प्रत्यक्षाहून कमी आठवले. प्रतीक्षायादीवरील विद्यार्थ्यांच्या आठवणीत असा कल दिसला नाही. परीक्षेतील गुणांवर वर्गाचा परिणाम झालाच नव्हता. तरी सहा महिन्यांनी वर्ग केलेल्यांना आपले त्या सत्राचे गुण होते त्याहून चांगले आठवत होते. वेळ आणि श्रम खर्च केले, म्हणजे काहीतरी सुधारणा झाली असलीच पाहिजे; आज ती फारशी दिसत नसेल, तर आधीचे वाईट होते असे मन ठरवून टाकते. गुडघ्याच्या रुग्णाने तर याहून कितीतरी अधिक वेचलेले असते.

याच्या उलट दिशेने ओढणारी दुसरी शक्तीही आहे. जुनाट डोकेदुखीच्या रुग्णांवरील १९८५ सालच्या एका अभ्यासात एरिक आइक आणि सहकाऱ्यांना असे आढळले की, आठवण विचारण्याच्या क्षणी ज्याचे डोके अधिक दुखत असे, त्याला मागील दुखणेही अधिक तीव्र आठवे. त्या क्षणी ज्याला आराम असे, त्याला ते सौम्य आठवे. म्हणजे वर्तमान भूतकाळाला आपल्याकडे ओढते. गुडघा आज अजिबात दुखत नसेल, तर या न्यायाने आधीचे दुखणे कमी आठवावे; आणि रॉस यांच्या न्यायाने ते अधिक आठवावे. कोणती ओढ कोणत्या रुग्णात प्रबळ ठरेल, हे आधी सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. चूक नेहमी एकाच बाजूची आणि सारख्या प्रमाणाची असती, तर आठवणीच्या आकड्यात ठरावीक भर घालून किंवा वजावट करून तो सुधारून घेता आला असता. ती तशी नसल्यामुळे दुरुस्तीचे कोष्टक तयार करता येत नाही.

आणखी एक बाब विचारात घ्यावयास हवी. डॉ. रेडेलमायर आणि कानमन यांनी १९९६ साली आतड्याची दुर्बिणीने तपासणी होत असलेल्या रुग्णांची क्षणोक्षणीची वेदना नोंदविली, आणि नंतर त्यांना एकूण वेदनेविषयी विचारले. आठवणीत उतरले ते मुख्यतः सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचे क्षण. तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत फारसे स्थान नव्हते. गुडघ्याचे दुखणे काही मिनिटांचे नसून वर्षांचे असते, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. परंतु झिजेचे दुखणे कमी-अधिक होत राहते, आणि रुग्ण शस्त्रक्रियेला राजी होतो तो बहुधा दुखणे कळसाला पोहोचले असताना, हे कोणीही अनुभवी डॉक्टर सांगेल. 'आधी' म्हटल्यावर तोच कळस आठवणे स्वाभाविक आहे.

सहसंबंध वेगळा, मेळ वेगळा

अशा अभ्यासांचे अहवाल वाचताना अधिकारीवर्गाने एका शब्दाविषयी सावध राहावे. 'आठवण आणि नोंद यांत उच्च सहसंबंध आढळला' असे वाक्य पुष्कळदा भेटते. त्यावरून आठवण अचूक होती असे ठरत नाही. शाळेत मुलांची उंची मोजावयाची आहे, असे धरू. एका शिक्षकाजवळ चांगली टेप आहे, दुसऱ्याच्या टेपचा पहिला ३ सेंटिमीटरचा तुकडा तुटलेला आहे. दुसऱ्याने मोजलेली प्रत्येक उंची ३ सेंटिमीटर जास्त येईल. तरीही मुलांचा क्रम तोच राहील आणि दोन याद्यांमधील सहसंबंध पूर्ण म्हणजे १ येईल. सहसंबंध निर्दोष, आणि आकडा मात्र एकही बरोबर नाही. हा घोटाळा ब्लँड आणि ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली स्पष्ट करून दाखविला, आणि प्रत्येक व्यक्तीच्या दोन मापांतील फरक पाहण्याची त्यांनी सुचविलेली पद्धत आता सर्वमान्य झाली आहे.

सरासरीची गोष्टही अशीच आहे. शंभर रुग्णांपैकी काहींनी आधीचे दुखणे वाढवून सांगितले व काहींनी घटवून, तर सरासरीत दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एखाद्या योजनेचा एकंदर परिणाम पाहावयाचा असेल, तर तेवढ्याने भागू शकेल. पण समोरच्या एका रुग्णाला खरोखर लाभ झाला की नाही, त्याला पुढील उपचार द्यावेत की नाहीत, हे सरासरीवरून ठरविता येणार नाही. आणि सर्वांची चूक एकाच बाजूला झुकलेली असेल, तर शंभराऐवजी दहा हजार रुग्ण विचारले तरी ती जात नाही.

रुग्ण खोटे सांगतो काय?

या सर्व विवेचनावरून रुग्णाच्या सांगण्याला किंमत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. पहिली गोष्ट म्हणजे, आज काय दुखते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. दुसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने आपल्या वेदनेला दहापैकी सहा गुण दिले. पुष्कळ वर्षांत दुखण्याविना चालणे कसे असते, हेच तो विसरून गेला होता. आता तो अनुभव पुन्हा आल्यावर तो म्हणतो, "नाही, तेव्हाचे दुखणे आठ गुणांचे होते." येथे त्याची स्मृती चुकली, की त्याची मोजपट्टीच बदलली? १९९९ साली स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ यांनी या मोजपट्टीच्या बदलाची सविस्तर मांडणी केली, आणि तेव्हापासून आठवणीच्या आकड्याकडे केवळ चूक म्हणून पाहण्याची दृष्टी मागे पडली. आधी नोंदविलेला सहा हा आकडा तेव्हाच्या अनुभवाचा आहे, आठवून सांगितलेला आठ हा आजच्या समजुतीचा आहे. दोन्ही माहितीच आहेत. एकाच्या रकान्यात दुसरा भरणे तेवढे चुकीचे होय.

उलट, रुग्णाने भरलेली प्रश्नावली आणि त्याची प्रत्यक्ष हालचाल या दोन गोष्टीही नेहमी एकत्र जात नाहीत. सांधा बदलल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत वेदना कमी झाल्याने रुग्ण 'आता सगळे जमते' असे सांगतो, आणि चालण्याची प्रत्यक्ष चाचणी घेतली तर तो आधीपेक्षाही हळू चालतो, असे दिसून आलेले आहे. म्हणून प्रश्नांच्या जोडीला एखादी साधी चाचणी असावी. १९९१ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी खुर्ची, घड्याळ आणि ३ मीटरचे मोकळे अंतर एवढ्यावर होते. खुर्चीवरून उठावयाचे, ३ मीटर चालावयाचे, वळून परत यावयाचे आणि बसावयाचे. किती सेकंद लागले ते लिहावयाचे. शाळेच्या ओसरीवरसुद्धा ती घेता येईल.

नोंद केव्हा करावी?

स्वीडनमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ साली सुरू झाली. तिचा मुख्य रोख सांधा किती वर्षे टिकतो यावर होता. रुग्णाला स्वतःला काय वाटते, हे पद्धतशीरपणे आधी व नंतर विचारण्याचे काम इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने एप्रिल २००९ पासून हाती घेतले. तेथे गुडघा बदलण्यापूर्वी रुग्णाकडून प्रश्नावली भरून घेतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाठवितात. आधीची प्रश्नावली आठवणीवर न सोपविणे, हे या योजनेचे बळ आहे.

पाहणीतील आठवणीचा प्रश्न आपल्या शासनव्यवस्थेला अपरिचित नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झालेल्या ७५व्या फेरीत आजारांविषयी मागील १५ दिवसांपुरते विचारले गेले, आणि रुग्णालयात दाखल होण्याविषयी मागील ३६५ दिवसांचे. रुग्णालयात राहिल्याचे वर्षभर लक्षात राहते, साधा ताप राहत नाही, हे त्यामागील तत्त्व. गुडघ्याचे दुखणे यांपैकी कशासारखे? शस्त्रक्रियेची तारीख रुग्ण जन्मभर विसरत नाही. त्या तारखेच्या आधी आपण किती पावलांवर थांबत होतो, हे मात्र तापासारखेच विसरले जाते.

गावोगावी आरोग्य शिबिरे होतात, त्यांतून गुडघ्याचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी पाठविले जातात, आणि पुढे केव्हातरी कार्याचा अहवाल लिहावयाची वेळ येते. तेव्हा एकच तक्ता घेऊन 'आधी' आणि 'आता' असे दोन रकाने एकाच बैठकीत भरले जातात. असा तक्ता दिसावयास नीटनेटका असतो, परंतु त्यातील डावा रकाना उजव्या रकान्याकडे पाहून भरलेला असतो, हे विसरता येत नाही. त्याऐवजी रुग्ण पाठवितानाच अर्धे पान लिहिले तर काम होते. न थांबता किती अंतर चालवते, घराच्या पायऱ्या कशा चढतो, जमिनीवरून कसा उठतो, रात्री दुखण्याने जाग येते काय, आठवड्यात वेदनाशामक गोळ्या किती लागतात, काठी घ्यावी लागते काय, आणि वर सांगितलेल्या चाचणीला किती सेकंद लागले, एवढे पुरे. 'फार त्रास आहे' असे लिहू नये. 'देवळापर्यंत जाताना दोनदा बसतो' असे लिहावे. खाली तारीख हवीच. आशा कार्यकर्तीच्या वहीत याची एक प्रत राहिली आणि दुसरी रुग्णाच्या केसपेपरला जोडली, तर सहा महिन्यांनी तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारता येतील. तेव्हा जुनी उत्तरे रुग्णाला आधी वाचून दाखवू नयेत.

काही रुग्णांच्या बाबतीत अशी पूर्वनोंद अशक्यच असते. मोटारसायकल घसरून किंवा कबड्डीच्या मैदानावर ज्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध, म्हणजे ज्याला रुग्णालयात सर्वजण लिगामेंट म्हणतात तो, तुटला, त्याचा गुडघा आदल्या दिवशी कसा होता हे कोणी मोजून ठेवलेले नसते. येथे आठवणीवाचून दुसरा मार्ग नाही, आणि वर उल्लेखिलेला दोन आठवड्यांचा अभ्यास अशा प्रसंगी दिलासा देणारा आहे. पट्टी काढण्यासाठी रुग्ण येईल त्याच दिवशी विचारून घ्यावे. 'आधी' म्हणजे अपघाताच्या आधीचा धडधाकट गुडघा, की अपघातानंतर व शस्त्रक्रियेच्या आधीचा लंगडता गुडघा, हे प्रश्नात स्पष्ट सांगावे, कारण रुग्णाच्या मनात बहुधा पहिला असतो आणि विचारणाऱ्याच्या मनात दुसरा. नोंदीच्या शिरोभागी 'आठवणीवरून' असा शब्द आणि शस्त्रक्रियेनंतरचा कितवा दिवस आहे, हेही लिहावे.